नदीतले शिंपले : डोह, वाळू आणि मासा सांभाळा

(घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आपण नेहमी सोयाबीन, तूर, ऊस आणि हरभरा यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या ओढ्यात, नदीत आणि पाझर तलावात जे शिंपले राहतात, त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

शिंपल्याचा आणि शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. कैरीची साल काढायला शिंपी घासून तिला भोक पाडायचे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. तान्ह्या मुलाला शिंपीने दूध पाजत. शिंपले भाजून चुना करीत. या सगळ्या गोष्टी आता मागे पडल्या. पण शिंपल्याचे एक काम अजून चालू आहे आणि त्याची मजुरी कोणी देत नाही. ते काम म्हणजे पाणी गाळण्याचे.

शिंपला एका छिद्रातून पाणी आत ओढतो. त्याचे कल्ले चाळणीसारखे असतात. पाण्यातील शेवाळाचे कण, जिवाणू आणि कुजके बारीक पदार्थ त्यावर अडकतात, ते तो खातो आणि गाळलेले पाणी दुसऱ्या छिद्रातून बाहेर सोडतो. जे पचत नाही ते चिकट गोळीच्या रूपाने तळाशी टाकतो. मोठा शिंपला त्याच्या आकाराप्रमाणे आणि पाण्याच्या उष्णतेप्रमाणे दिवसाला दहा-वीस लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी गाळतो. एका डोहात पाचशे शिंपले असले तर रोज किती घागरी पाणी गाळून निघते, याचा हिशेब आपणच करा.

गोगलगाय वेगळी, शिंपला वेगळा

सन २०२२ च्या खरिपात बीड, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची उगवण कुरतडून टाकली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. त्यामुळे कवचाचा प्राणी दिसला की चिरडावा, असे वाटणे साहजिक आहे. गोगलगाय आणि शिंपला दोघेही मृदुकाय वर्गातील खरे, पण शंखी गोगलगाय जमिनीवर राहते आणि पाला खाते. तिचे कवच एकच आणि पिळाचे असते. शिंपल्याला दोन झापा असतात, तो पाण्याबाहेर फिरत नाही आणि पिकाला तोंड लावीत नाही.

गोगलगाईंचा बंदोबस्त जरूर करावा, पण तो करताना शिंपल्यावर संकट येऊ नये. हाताने वेचलेल्या गोगलगाई मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात मारून खड्ड्यात पुराव्यात. ते पाणी आणि मेलेल्या गोगलगाई ओढ्यात टाकू नयेत. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या ओढ्याच्या काठाला टाकू नयेत. मोरचूद तर पाण्याजवळ वापरूच नये, कारण तांबे शिंपल्याच्या पिल्लांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते.

आपल्याकडील जाती

आपल्या भागात शिंपल्यांचे मुख्य दोन प्रकार ओळखता येतात. पहिला लांबट, गुळगुळीत, काळपट-तपकिरी रंगाचा आणि हाताच्या तळव्याएवढा वाढणारा. हा लॅमेलिडेन्स. तो तळ्यात आणि संथ पाण्यात, मऊ चिखलात राहतो. दुसरा त्यापेक्षा लहान, जाड कवचाचा, कवचाच्या टोकाजवळ सुरकुत्या असलेला. हा पॅरेसिया. याला वाळू आणि बारीक गोटे असलेला, थोडे वाहते पाणी असलेला तळ आवडतो. यांखेरीज कॉर्बिक्युला नावाची नखाएवढी, त्रिकोणी आणि आडव्या रेषांची शिंपी असते. तिचा वंश निराळा आहे. तिला पहिल्या दोघांची पिल्ले समजू नये.

मराठवाड्यातील शिंपल्यांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. नागभूषणम आणि डॉ. लोमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरेसियाच्या प्रजननावर काम केले. पुण्याजवळच्या खडकवासला तलावावरून तर एका जातीचे शास्त्रीय नावच पडले आहे : पॅरेसिया खडकवासलाएन्सिस.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडील नेहमीचे हे दोन प्रकार जागतिक यादीत आज संकटग्रस्त म्हणून नोंदलेले नाहीत. भारतात संकटग्रस्त ठरलेला शिंपला म्हणजे कर्नाटकातील तुंगा-भद्रेच्या बाजूच्या नद्यांत खडकाला चिकटून राहणारा स्यूडोमुलेरिया डॅलयी. मग आपण काळजी कशाला करावी? याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे.

अमेरिकेत काय झाले

अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी मस्कटिन नावाचे गाव आहे. तेथे जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये नदीतल्या शिंपल्यांपासून सदऱ्याच्या गुंड्या करण्याचा धंदा सुरू केला. १९०५ साली त्या एका गावात सुमारे १५० कोटी गुंड्या तयार झाल्या. शिंपले बोटी भरभरून निघत होते. ते कधी संपतील असे कोणाला वाटले नव्हते. पुढे नद्यांवर धरणे झाली, गाळ वाढला, कारखान्यांचे पाणी आले. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती होत्या. त्यांपैकी जवळपास ३० नामशेष झाल्या आणि उरलेल्यांतील बऱ्याच संकटात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील सरकारने संरक्षणाच्या यादीतून २१ जीवजाती नामशेष म्हणून काढून टाकल्या, त्यांत ८ जाती शिंपल्यांच्या होत्या.

बंधूंनो, तेथील शिंपलेही एके काळी आपल्यासारखेच 'नेहमीचे' होते. नेहमीची वस्तू कमी होत असते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही.

शिंपल्याचे पिल्लू माशावर वाढते

शिंपला का संपतो हे समजण्यासाठी तो जन्मतो कसा हे पाहिले पाहिजे. नर आपले बीज पाण्यात सोडतो. मादी ते पाण्याबरोबर आत ओढते. तिच्या कल्ल्यांतच अंडी फळतात आणि त्यांतून डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्ले तयार होतात. या पिल्लांना ग्लोकिडिया म्हणतात. मादी ती पाण्यात सोडते. पिल्लाला थोड्याच वेळात मासा भेटला पाहिजे. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला ते चिमटा घेऊन बसते, त्याभोवती माशाची कातडी वाढते आणि काही दिवस ते तेथेच राहते. माशाला याचा सहसा त्रास होत नाही. नंतर पिल्लू गळून तळाशी पडते आणि वाळूत शिरते. मासा भेटला नाही तर ते मरते. कोणत्याही माशावर भागते असेही नाही, पुष्कळ जातींना ठरावीक मासेच लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : नदीत स्थानिक मासे नाहीत तर शिंपल्याचा वंश नाही. दुसरी : शिंपल्याला स्वतःला प्रवाहाविरुद्ध वर चढता येत नाही, त्याची पिल्ले मासाच वर नेतो. म्हणून ज्या ओढ्यातून मासा वर येऊ शकत नाही, तो ओढा एकदा आटला की तेथे शिंपला परत येणे कठीण असते.

माशावरून गळालेल्या पिल्लाची पुढची परीक्षा वाळूत असते. ते वाळूच्या कणांमधील पोकळीत राहते. त्या पोकळीतून पाणी आणि प्राणवायू खेळता असावा लागतो. वर बारीक गाळाचा थर बसला की पोकळी बुजते आणि पिल्लू गुदमरते. मोठा शिंपला मात्र गाळावर डोके काढून तग धरतो.

युरोपातील मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहून अधिक जगतो. तेथील काही नद्यांत म्हातारे शिंपले शेकड्यांनी दिसत, पण लहान एकही सापडत नसे. पाहणाऱ्याला नदी भरलेली वाटे, प्रत्यक्षात तिची पुढची पिढी केव्हाच बंद पडली होती. ज्या गावात फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, त्या गावासारखी ती स्थिती. म्हणून नदीत शिंपले आहेत का, एवढे विचारून भागत नाही. लहान शिंपले आहेत का, हे विचारले पाहिजे.

शिंपल्याला काय हवे

डोह, वाळू आणि मासा ही तीन नावे लक्षात ठेवा.

डोह : आपण बालाघाटच्या माथ्यावर राहतो. येथले पाणी काही उत्तरेला वाण नदीकडे आणि काही दक्षिणेला मांजरेकडे जाते, शेवटी सारे गोदावरीलाच मिळते. माथ्यावरचे ओढे हिवाळा संपता संपता आटतात. पाणी उतरू लागले की शिंपला चिखलात रेघ ओढीत खोल पाण्याकडे सरकतो. पण त्याची चाल फार मंद. पाणी एकदम उतरले तर तो उघडा पडतो. ओल्या चिखलात रुतून झापा मिटून तो काही काळ काढू शकतो, चिखल तडकला की मात्र संपला. म्हणून उन्हाळ्यात टिकणारा डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. त्या डोहातले शिंपले आणि मासे पुढच्या पावसाळ्यात सगळा ओढा पुन्हा पेरतात. कणगी रिकामी झाली की पेरायला काही उरत नाही.

दुष्काळाची आठवण आपल्याला करून द्यायला नको. २०१६ साली धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. माणसासाठी रेल्वे येते. नदीच्या जिवाला डोहाखेरीज दुसरा आधार नाही.

वाळू : वाळू हे शिंपल्याचे घर आणि पाण्याची बँक. वाळू खरवडून नेली की तळाशी खडक नाही तर चिकट माती उरते. त्यात पिल्लू राहत नाही आणि काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते. वाळूउपशासारख्या गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. केंद्र शासनाने २०१६ आणि २०२० मध्ये वाळूउपशाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परंतु रात्री येणारा ट्रॅक्टर गावालाच दिसतो. ग्रामसभेने ठराव केला आणि तो पाळला, तरच कायद्याला हातपाय फुटतात.

मासा : डोहात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. विषाने डोहातले लहानथोर सगळेच मरतात. विजेचा करंट सोडणे तर माणसाच्याही जिवावर बेतते. थाई मागूर हा बंदी असलेला मासा तळ्यात सोडू नये, तो पुराबरोबर नदीत जातो आणि स्थानिक मासे फस्त करतो. भोई बांधवांना कोणत्या डोहात कोणता मासा राहतो याची चांगली माहिती असते. त्यांना विचारून एखादा डोह पावसाळ्याच्या सुरुवातीला मासेमारीसाठी बंद ठेवावा.

शेतातून नदीत काय जाते

पाणी बिघडण्याचे कारण पुष्कळदा आपल्या बांधावरच असते. शिंपल्याच्या पिल्लांना अमोनिया आणि तांबे सर्वांत लवकर बाधते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ मध्ये पाण्यातील अमोनियाची सुरक्षित मर्यादा नव्याने ठरवून खाली आणली, तेव्हा शिंपल्यांवरील प्रयोग विचारात घेतले होते. अमोनिया येतो कोठून? गावच्या सांडपाण्यातून, शेणखताच्या ढिगातून आणि पावसात वाहून गेलेल्या युरियातून. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. युरिया एकदम न देता विभागून द्यावा आणि मातीआड करावा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी देऊ नये.

२. फवारणी पंप, डबे आणि बादल्या ओढ्यात धुऊ नयेत. धुतलेले पाणी पडीक जागेत, विहीर-ओढ्यापासून दूर ओतावे. बोर्डो मिश्रण व इतर ताम्रयुक्त औषधे वापरणाऱ्या बागायतदारांनी याची विशेष काळजी घ्यावी.

३. ओढ्याच्या काठाला निदान काही फूट रुंदीचा पट्टा न नांगरता ठेवावा. त्यात वाळा, मारवेल यांसारखे गवत असू द्यावे. माती तेथे अडते आणि जनावरांना वैरणही मिळते.

४. उतारावर आडवी पेरणी करावी. सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने घेतल्यास पाणी मुरते, जादा पाण्याचा निचरा होतो आणि मातीची धूप कमी होते.

५. उकिरडा ओढ्याच्या काठी नसावा. साखर कारखाना किंवा आसवनीचे पाणी ओढ्यात सोडलेले दिसल्यास ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.

यांतील एकही गोष्ट केवळ शिंपल्यासाठी नाही. माती, खत आणि पैसा आपलाच वाचतो.

गाळ काढताना

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आपल्याला परिचित आहे. तळ्यातला गाळ शेतात टाकणे हे चांगलेच काम आहे. पण गाळाबरोबर जिवंत शिंपलेही ट्रॉलीत भरले जातात आणि शेतात वाळून मरतात. नांगराला लागलेल्या शिंपल्या आपण पाहिल्या असतील. थोडी काळजी घेतली तर हे टाळता येते.

तलावाचा सर्व तळ एकाच वर्षी उकरू नये. निदान एक तृतीयांश भाग, शक्यतो जेथे शेवटपर्यंत पाणी टिकते तो, तसाच ठेवावा. जेसीबी लावण्यापूर्वी ओल्या चिखलातील शिंपले मुलांकरवी वेचून पाण्याच्या भागात सोडावेत. ओढ्याचे खोलीकरण करताना वाळूचे पट्टे आणि नैसर्गिक डोह मोडू नयेत. गाळ न्यावा, वाळू नेऊ नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दारे काढायची असतील तर एका दिवसात सगळी न काढता टप्प्याटप्प्याने काढावीत, म्हणजे शिंपल्यांना खोल पाण्याकडे सरकण्यास वेळ मिळतो.

मोत्याच्या शेतीविषयी

अलीकडे गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीच्या जाहिराती फार दिसतात. हे तंत्र खरे आहे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ते विकसित केले असून तेथे प्रशिक्षण मिळते. मात्र यासाठी लागणारे शिंपले बहुतेक वेळा नदी-तळ्यांतूनच काढलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांतील काही मरतात, म्हणजे पुन्हा नवे काढावे लागतात. ज्यांना हा जोडधंदा करावयाचा आहे त्यांनी आधी अधिकृत प्रशिक्षण घ्यावे, मोती खरेदीची हमी कोणी देत असेल तर ती लेखी घ्यावी आणि एकाच डोहातून सगळे शिंपले उचलू नयेत. स्वतःच्या मातीच्या तळ्यात स्थानिक माशांबरोबर शिंपले सोडून तेथेच त्यांची वाढ होऊ द्यावी. बियाणे विकून खाणारा शेतकरी पुढच्या हंगामात काय पेरणार, हे आपल्याला सांगायला नको.

मोजणी कशी करावी

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी नितळ आणि उथळ असते. तेव्हा शाळेची मुले आणि तरुण मंडळांनी एक दिवस द्यावा. बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. डोहाच्या काठाजवळ, गुडघाभर पाण्यात दहा ठिकाणी ती ठेवून आतील तळ बोटांनी हळुवार चाचपावा. पायात चप्पल असावी, काचा असतात. मुलांबरोबर मोठे माणूस असावे आणि खोल पाण्यात कोणी जाऊ नये. सापडलेले शिंपले तीन गटांत मोजावेत : अंगठ्याच्या पेराएवढे, त्याहून मोठे आणि तळव्याएवढे. कॉर्बिक्युला वेगळी मोजावी. मोजल्यावर शिंपले फेकू नयेत, होते तेथेच तळावर आडवे ठेवावेत. ते स्वतः पाय बाहेर काढून रुततात.

लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही गट सापडले तर डोह चांगला आहे असे समजावे. फक्त मोठेच सापडले तर तळाशी गाळ साचला आहे का, मासे कमी झाले आहेत का, वरच्या बाजूने काय वाहून येते, याचा शोध घ्यावा. दोन्ही झापा जोडलेले, आतून चकचकीत असे रिकामे शिंपले पुष्कळ दिसले तर मृत्यू नुकताच झाला आहे. तारीख लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यात ओढ्यात काय सोडले गेले याची चौकशी करावी. यावरून पाणी पिण्यास योग्य आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणीच करावी लागते.

ही मोजणी वहीत राहू नये. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत आपल्या शिवारातील डोहांची नावे, शिंपल्यांची मोजणी आणि मासे यांची नोंद करावी. उद्या वाळूचा लिलाव किंवा एखादा प्रकल्प आला, तर कागदावर दाखवायला गावाजवळ काही असेल.

बंधू-भगिनींनो, हे काम खर्चाचे नाही. घाटनांदूरच्या परिसरातील प्रत्येक गावाने या उन्हाळ्यात आपल्या शिवारातला शेवटपर्यंत टिकणारा एक डोह निवडावा, त्याची वाळू हलवू द्यायची नाही, त्यात विष जाऊ द्यायचे नाही आणि एकदा त्यातील शिंपले मोजायचे, एवढे ठरवावे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे. पेराएवढे शिंपले वाढलेले दिसले, तर आपण नदीचे बियाणे राखले असे समजा.